टिल्ली काकूंची नक्कल करते

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींची एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीत वर्षानुवर्षं एकच बाई बसत. ऑफिसात त्यांना सगळे बाई म्हणत आणि घरी काकू. आपण काकूच म्हणू, कारण गोष्ट घरातली आहे.

काकूंची मान जन्मापासून डावीकडे कललेली. डावा कान खांद्याशी सलगी करायला निघालेला आणि हनुवटी किंचित उजवीकडे वळलेली. लहानपणी आईने उशा बदलून पाहिल्या. वडिलांनी ‘सरळ बस, सरळ बस’ म्हणत घसा कोरडा केला. शेवटी दोघांनी मिळून ‘तिची ठेवणच तशी आहे’ असं ठरवलं आणि विषय मिटवला. पुढे कुणी कौतुकाने ‘नाकासमोर चालणारी मुलगी’ म्हटलं की काकूंना हसू यायचं. खरोखरच नाकासमोर चालल्या असत्या, तर उजवीकडच्या भिंतीवर आपटल्या असत्या.

पण ती मान लोकांना फार आवडे. मनापासून ऐकणाऱ्या माणसाची मान जशी कलते, तशी काकूंची चोवीस तास कललेली असे. नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेला माणूस खिडकीशी पोहोचेपर्यंत तोंडात शिव्या जुळवून तयार असायचा. मग त्याला काकू दिसायच्या, कान पुढे करून बसलेल्या. तो गडबडायचा. ऑफिसच्या खिडकीमागून आजवर कुणी त्याच्याकडे असं पाहिलेलं नसायचं. शिव्या गिळून तो नळाबद्दल सांगू लागे, नळावरून घरमालकावर येई, तिथून जावयावर आणि शेवटी आपल्या कंबरदुखीवर. मग ‘तुम्ही होतात म्हणून हो’ असं म्हणत समाधानाने घरी जाई. पाणी अर्थातच आलेलं नसे.

खरं सांगायचं तर काकू पत्ता सांगून होईपर्यंतच ऐकत. स्वभाव तापट, मनात सारखं ‘आटपा आता’ चाललेलं. पत्ता कळला की फिटरला निरोप जाई, आणि पुढचं सगळं पुराण चालू असताना काकू घरी गेल्यावर कुठली भाजी करायची ते ठरवून टाकत. काम मात्र चोख. दरवर्षी त्यांच्या बढतीचा विषय निघे, आणि दरवर्षी साहेब म्हणत, “बाई, तुम्हाला इथून हलवलं तर खिडकीच्या काचा फुटतील हो.” तेव्हा काचांच्या प्रेमापोटी काकू तिथेच राहिल्या.

लग्नही त्या खिडकीतच जमलं. काका गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालचा ब्रेक सांभाळायचा आणि बोलत राहायचं, हा त्यांचा धंदा. एकदा ते गढूळ पाण्याची तक्रार घेऊन आले आणि अर्धी दुपार बोलले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, तेव्हा पाणी स्वच्छ येत होतं. “मला इतकं समजून घेणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं,” असं त्यांनी काचेच्या भोकातून सांगितलं. काकूंना तोवर एवढंच समजलं होतं, की हा माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही. पण दिसायला बरा होता, आणि दात स्वच्छ होते.

घर दोन मजली. वर काका-काकू, खाली काकांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकूंचा दीर, आणि त्याची बायको. भावाचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत, काकूंची जाऊ म्हणून. काकूंना मूलबाळ नव्हतं. धाकटीला एक मुलगी, टिल्ली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिल्ली. नंतर चांगली वाढली, पण नाव काही वाढलं नाही.

टिल्ली महिन्याभराची असताना तिच्या मानेत उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ आली होती. चार लोकांनी चार कारणं सांगितली, आणि कुणाचंच कारण पटायच्या आत गाठ आपोआप विरून गेली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि सगळे ती विसरले. पुढे टिल्ली रांगायला लागली, जिना चढायला शिकली आणि काकू ऑफिसातून आल्या की त्यांच्याकडे वर पडीक असायला लागली. हळूहळू धाकटीच्या लक्षात आलं, की पोरगी मान तिरकी करून बघते.

“ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?” एका संध्याकाळी ती वर येऊन म्हणाली. “टिल्ली तुमची नक्कल करते.”

“कसली नक्कल?”

“मानेची. सारखी तुमच्याकडे बघत असते ना. मुलं बघतात तसं करतात.”

“अगं, पण माझी मान डावीकडे आहे. हिची उजवीकडे कलते.”

धाकटी म्हणाली, “समोर बसून बघते ना ती तुम्हाला! आरशात कसं उलटं होतं, तसं.”

काकांना हे एकदम पटलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “समोर उभं राहून शिकवलं की माझ्या शिकाऊ लोकांचंही डावं-उजवं होतं.” आणि मग त्यांनी डावं-उजवं झालेल्या शिकाऊ लोकांच्या गोष्टी सुरू केल्या. त्या संपेपर्यंत निकाल लागून गेला होता. सवय मोडेपर्यंत, थोडे दिवस, टिल्लीने वर जायचं नाही. जिन्याच्या तोंडाशी लाकडी फळी बसली.

थोडे दिवस म्हणता म्हणता टिल्ली शाळेत जायला लागली. फळी तशीच होती, आणि मानही. धाकटीने सगळे उपाय केले. रागावून पाहिलं, खाऊचं आमिष दाखवलं, फोटो काढताना मागून हाताने डोकं सरळ धरून ठेवलं. टिल्ली शहाणी मुलगी, सांगितलं की मान सरळ करायची. पण मग तिचा उजवा खांदा वर यायचा. आखूड पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, तशातली गत. “नक्कल अंगात मुरलीय,” धाकटी सुस्कारा टाकून म्हणे, आणि वरच्या मजल्याकडे बघे.

टिल्लीला चष्मा लागला तेव्हा बापाने स्वतः बनवून दिला. पण नाकावर तो तिरका बसे, एक काच वर आणि एक खाली. दिराने एक दांडी वाकवली, दुसरी उचलली, नाकावरची गादी पुढे-मागे केली. शेवटी अशी फ्रेम तयार झाली की टेबलावर ठेवली तर लंगडी उभी राहायची आणि टिल्लीच्या नाकावर सरळ. त्याला स्वतःच्या कारागिरीचा एवढा अभिमान, की तो चष्मा तो गिऱ्हाइकांना दाखवायचा. मुलीच्या चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा लहान का, हा प्रश्न त्याला पडला नाही. फ्रेम बसली म्हणजे प्रश्न मिटला.

काकूंनी भांडण काढलं नाही. तापट माणूस जिथे खरं लागतं तिथे बोलत नाही, तसं त्यांचं झालं. फक्त एक गोष्ट त्या करायला लागल्या, आणि ती काकांनाही दिसली नाही. जिन्याखाली किंवा फाटकाशी टिल्ली समोरून आली, की काकू सगळं बळ लावून मान सरळ धरत. भिंतीला पाठ टेकवून, दात आवळून, पोरगी पुढे जाईपर्यंत. आपल्याकडे बघून तिची मान बिघडायला नको. टिल्ली मात्र जाता जाता मागे वळून बघे, कारण काकू अशा भिंतीला चिकटून का उभ्या राहतात ते तिला कळत नसे. त्या दिवशी काकूंचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकायचं.

मग धाकटीचा पाय मुरगळला. बाथरूममध्ये घसरली, घोट्याला प्लास्टर बसलं. पाय स्टुलावर ठेवून तिने घर चालवायचा प्रयत्न केला, पण सकाळी टिल्लीच्या वेण्या घालायला तिला उभं राहता येईना. बापाला वेणी येत नव्हती. त्याने घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकली नाही. तेव्हा फळी बाजूला झाली आणि काकूंना खाली बोलावणं आलं.

काकूंनी टिल्लीला पुढ्यात बसवलं, केस उचलले आणि भांग पाडता पाडता त्यांचा हात मानेवर गेला. उजव्या बाजूला, कानाच्या खालून निघून गळ्याच्या हाडापर्यंत, कातडीखाली एक ताठ दोरी होती. काकूंचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला, डावीकडे. तिथेही तीच दोरी होती, एवढ्या वर्षांची ओळखीची.

“इथे दुखतं का गं?” काकूंनी विचारलं.

“दुखत नाही,” टिल्ली म्हणाली. “ओढतं.”

काकूंच्या हातातला कंगवा तसाच राहिला. आयुष्यभर त्यांनी आईला, शाळेतल्या बाईंना, एका डॉक्टरलाही ‘दुखतं’ असंच सांगितलं होतं, आणि ते कधीच बरोबर वाटलं नव्हतं. हा शब्द त्यांना सुचलाच नव्हता.

एक वेणी अर्धी ठेवून त्या टिल्लीला धाकटीकडे घेऊन गेल्या. “हात लाव इथे. ही नक्कल आहे का बघ.”

धाकटीने हात लावला. चाचपलं. चेहरा उतरला, पण हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. “म्हणजे तुमच्यावर गेली!”

“माझ्यावर कशी जाईल? मी बाहेरून आलेली. रक्ताचं बघायचं तर तुमच्या दोघांपैकी कुणावर तरी गेली असेल.”

त्या दिवशी संध्याकाळी धाकटी आणि दीर दोघं आपापल्या नातेवाइकांचे फोटो काढून बसले होते. एकमेकांच्या घराण्यात प्रत्येकाला दोन-तीन वाकड्या माना सापडल्या.

मुलांच्या हाडांचे एक डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलात बसत. प्लास्टरवाली धाकटी, दीर, काका, काकू आणि टिल्ली अशी सगळी वरात त्यांच्याकडे गेली. डॉक्टरांनी आधी मानेच्या हाडांचा एक्स-रे काढायला सांगितला आणि डोळे तपासून घ्यायला सांगितले, कारण कधी कधी डोळ्यातल्या दोषामुळेही मूल मान कलती धरतं. “डोळे माझ्याच दुकानात तपासलेत,” दीर जरा दुखावून म्हणाला. डॉक्टर म्हणाले, “तरीही.” दोन्हीकडे काही निघालं नाही. मग त्यांनी टिल्लीची मान हळूच इकडेतिकडे वळवून पाहिली आणि सांगितलं, की मानेचा हा स्नायू जन्मापासूनच आखडलेला आहे.

“तान्ही असताना इथे गाठ आली होती का?”

सगळ्यांना गाठ एकदम आठवली.

“तेव्हाच व्यायाम सुरू केले असते तर बहुतेक मुलांचं तेवढ्यावर भागतं,” डॉक्टर म्हणाले. “आता स्नायूची दोरी झालीय. इतकी वर्षं थांबलात कशाला?”

“आम्हाला वाटलं नक्कल करते,” धाकटी बारीक आवाजात म्हणाली.

“कुणाची?”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, मग टिल्लीकडे, मग पुन्हा काकूंकडे. “पण यांची तर डावीकडे…”

“समोर बसून,” काकांनी समजावलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. हे सहसा रक्तातून येत नाही, दोघी एका घरात असणं हा निव्वळ योगायोग, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा खोलीत सगळ्यांची थोडी निराशाच झाली. इतक्या वर्षांच्या दुखण्याला दोष द्यायला कुणी उरलं नाही, हे कुणालाच बरं वाटेना.

मग ऑपरेशनचा विषय निघाला. डॉक्टर म्हणाले, पूर्वी गळ्याच्या हाडावर समोरच छेद द्यायचे. मान सरळ व्हायची, पण व्रण जन्मभर सगळ्यांना दिसायचा. आता काखेच्या वळीत दोन-तीन बारीक छेद द्यायचे, तिथून कातडीखालून दुर्बीण वर गळ्याच्या हाडापर्यंत न्यायची आणि पडद्यावर बघत बघत तो आखडलेला स्नायू खालच्या टोकाशी सोडवायचा.

“थांबा,” दीर म्हणाला. “मान वाकडी, आणि कापणार काख?”

“व्रण दिसू नये म्हणून.”

“आमच्याकडेही हल्ली रस्ता न फोडता आतून पाइप टाकतात,” काकू म्हणाल्या.

“अगदी तसंच!” डॉक्टर खूश झाले.

“फक्त आमच्याकडे नंतर रस्ता खचतो.”

डॉक्टरांचं हसू जरा मावळलं. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. हॉस्पिटलात फार राहावं लागणार नाही. पण खरं काम त्यानंतरचं. मानेला कॉलर, आणि बरेच महिने रोज व्यायाम. त्यात टाळाटाळ केली तर मान पुन्हा आखडते.

घरी रणकंदन झालं. दिराने आजवर प्रत्येक निर्णयात काखा वर केल्या होत्या. आता पोरीची काखच मध्ये आल्यावर त्याला तेही जमेना. काका दोन्ही बाजूंनी बोलत होते. धाकटी मात्र ठाम होती. “हसतीखेळती पोरगी आहे. कशाला तिच्या अंगात नळ्या खुपसायच्या? ताईंचं काही अडलं का? उलट नोकरी मानेमुळे टिकली, लग्न मानेमुळे झालं.”

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी परात बाजूला सरकवली.

“काय अडलं ते सांगू? सकाळी उठल्यापासून डोकं दुखतं. रस्ता ओलांडताना सगळ्या अंगाने वळावं लागतं. फोटोत मी नेहमी कडेला, अर्धी कापलेली, कारण मीच तशी उभी राहते. आणि जो येतो तो माझ्यापुढे गाठोडं सोडून बसतो. का? तर त्यांना वाटतं मी ऐकतेय. अगं, मी ऐकत नव्हते! मला मान सरळ करता येत नव्हती, एवढंच.”

काका हळूच म्हणाले, “माझंसुद्धा नव्हतीस ऐकत? गढूळ पाण्याचं?”

“तुमचं? पत्त्यापर्यंत ऐकलं.” काकूंनी परात पुन्हा ओढली. “पुढे लग्न झाल्यावर ऐकायला लागले. करते काय, दुसरीकडे जायची सोय नव्हती.”

काकांनी याचा जो अर्थ लावायचा तो लावला, आणि तो चांगला लावला असावा, कारण भाजी निवडायला ते शेजारी येऊन बसले. धाकटीने नाक पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, “तारीख घ्या मग.”

ऑपरेशनच्या आधी काही तपासण्यांचे कागद दाखवायला काकू एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कागद पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाले. मग समोर बघितलं, तर काकू कान पुढे करून बसलेल्या. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. “मुलं म्हणजे काय असतं बघा ना,” ते म्हणाले. त्यांच्या मुलाला डॉक्टर व्हायचं नव्हतं, ड्रम वाजवायचे होते. घरात कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. वरचे डॉक्टर तर परिषदेत त्यांच्या ऑपरेशनचे फोटो स्वतःचे म्हणून दाखवायचे. बाहेर पेशंट खोळंबले होते, आतून नर्स दोनदा डोकावून गेली. काकूंनी सवयीने त्यांना पोटभर बोलू दिलं. ड्रमचा विषय दुसऱ्यांदा आला तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, काख कुठली?”

“अं?”

“कापणार कुठली? उजवी की डावी?”

“उजवी. म्हणजे तिची उजवी.”

“तेवढं लक्षात असू द्या. तुम्हीही समोरूनच बघता.”

जाता जाता त्यांनी स्वतःच्या मानेचंही विचारलं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं. “थोडी सैल करता येईल,” ते म्हणाले. “पण तुमची हाडं, चेहरा, पाठीचा कणा, सगळं या मानेशी जुळवून घेऊन बसलंय. डोकेदुखी कमी होईल कदाचित. वाकडेपणा फारसा जाणार नाही.” काकूंनी मान हलवली. ‘बरं’ म्हणाल्या की ‘नको’ म्हणाल्या, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी टिल्लीला आत नेलं आणि बाहेरच्या बाकावर सगळे ओळीने बसले. काका ओळख ना पाळख अशा एका माणसाला गिअर कसा टाकावा ते समजावत होते. दीर खिशातली कुणाची तरी फ्रेम काढून दांड्या वाकवत होता, सरळ करत होता, पुन्हा वाकवत होता. धाकटीचं प्लास्टर निघालं होतं. ती काकूंना खेटून बसली होती.

“मला खरंच वाटलं होतं नक्कल आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“म्हणजे… निम्मं वाटलं होतं. उरलेलं म्हणजे, ती सकाळी उठली की आधी काकू कुठेय विचारायची.”

“तेही माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “चहा आणतेस का? साखर कमी सांग.”

धाकटी चहा घेऊन येते तोच डॉक्टर बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढत म्हणाले, “झालं. छान सुटला स्नायू.” धाकटी तशीच आत धावली. टिल्ली झोपेत होती, मानेवर एक ओरखडासुद्धा नव्हता. “टाके कुठेत?” धाकटी घाबरून म्हणाली. “अहो, यांनी काही केलेलंच दिसत नाही!” नर्सने टिल्लीचा हात हळूच उचलून काखेतली पट्टी दाखवली.

जागी झाल्यावर टिल्लीने भोकाड पसरलं. दुखतंय म्हणून नव्हे. खोली तिरकी झालीय म्हणून. दार तिरकं, खिडकी तिरकी, बाबा तिरका. जन्मल्यापासून तिने जग ज्या कोनातून पाहिलं होतं तो कोन कुणीतरी काढून घेतला होता, आणि आता सरळ बसलं की पडल्यासारखं वाटून ती पलंगाची कड धरी. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. मेंदूला सांगावं लागतं, आणि मेंदू काखेतून दुरुस्त करता येत नाही.

तो सांगायचा काळ फार मोठा गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवून दिलं होतं: एका हाताने खांदा धरायचा, दुसऱ्याने डोकं हळूहळू पलीकडे न्यायचं, तिथे धरून ठेवायचं. टिल्ली रडली की धाकटीही रडायची आणि हात सोडून द्यायची. दिराने एकदा प्रयत्न केला, पण तो मुलीला चष्म्याची दांडी असल्यासारखी हाताळायला लागला, तेव्हा त्यालाही बंदी झाली. राहिल्या काकू. जिन्यातली फळी उपटून माळ्यावर टाकली गेली आणि धाकटी स्वतः टिल्लीला सकाळ-संध्याकाळ वर आणून सोडायला लागली.

“ताई, काय करायचं ते करा, पण तुमच्याकडेच करा.”

काकूंपुढे टिल्लीचं रडणं चालायचं नाही. “ओढतं?” काकू विचारायच्या. “ओढतं!” “मग बरोबर चाललंय. ओढायला लागलंय म्हणजे सोडायला लागलंय.” कॉलर काढली की दोघी समोरासमोर बसायच्या. टिल्लीची मान नकळत जुन्या बाजूला जाई, कारण तिला तीच सरळ वाटे.

“काकू, आता मी सरळ आहे का?”

काकू डोळे बारीक करून बघायच्या. “मला तू वाकडी दिसलीस की समजायचं सरळ झालीस.”

“आणि आता?”

“आता मला अगदी सरळ दिसतेस. म्हणजे चुकलं. हो तिकडे.”

या मापाने शिक्षण झालं, आणि विश्वास बसो वा न बसो, ते चुकलं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मान इकडून तिकडे फिरवून पाहिली आणि घरी व्यायाम कोण घेतं ते विचारलं. धाकटी म्हणाली, “आम्ही सगळेच.” दिराला ती लंगडी फ्रेम थोडी थोडी सरळ करत न्यावी लागली. चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींना गाठायला वेळ लागेल, पण वय लहान आहे, गाठतील, असं डॉक्टर म्हणाले. धाकटी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की तिला पहिल्या दिवसापासून शंका होती.

मधल्या काळात ऑफिसात बातमी पसरली, की बाई मानेचं ऑपरेशन करून घेणार. ती टिल्लीची बातमी होती, पण ऑफिसात पोहोचेपर्यंत बाईंची झाली. साहेब स्वतः खिडकीमागे आले.

“बाई, घाई करू नका. खात्याचा जरा विचार करा.”

काकू खरं सांगणार होत्या. पण साहेबांचा चेहरा इतका पडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, “विचार चाललाय.”

विचार चाललाय म्हटल्यावर साहेबांचाही विचार सुरू झाला. मान सरळ झालेल्या बाई खिडकीत ठेवून उपयोग काय? त्यापेक्षा आधीच वर घेतलेलं बरं. इतकी वर्षं काचांसाठी अडलेली बढती अशी गुपचूप मिळाली. काकूंना आतली खोली मिळाली, दार लावता येणारी. त्यांच्या जागी ताठ मानेचा एक तरुण बसला. कामाला चांगला, ऐकायलाही खरंच चांगला. पहिल्याच आठवड्यात काच फुटली.

काकूंनी ऑपरेशन केलं नाही. डॉक्टरांनी टिल्लीला पोहायला घालायला सांगितलं होतं, आणि तिला सोबत म्हणून त्याही पाण्यात उतरल्या. उतरल्या त्या उतरल्याच. पाण्यात मान कुणालाच सरळ ठेवायची नसते. श्वास घ्यायला तोंड उजवीकडे वळवावं लागतं, आणि काकूंचं जन्मापासून तिकडेच वळलेलं.

“वा! श्वास मस्त घेता तुम्ही. कुठे शिकलात?” पोहायला शिकवणारा काठावरून ओरडला.

“घरीच,” काकू म्हणाल्या. डावीकडूनही श्वास घ्या म्हणून त्याने पुष्कळ सांगून पाहिलं. ते काही जमलं नाही. पण पाण्यातून बाहेर आल्यावर दुपारभर डोकं दुखत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

धाकटी रोज टॉवेल घेऊन काठावर बसे आणि ‘सर्दी होईल’ म्हणून दोघींवर ओरडे. एक दिवस टिल्ली तिला म्हणाली, “आई, तू पण ये ना.” धाकटी म्हणाली, “मला कुणी सांगितलंय?” आणि लगेच काकूंना विचारलं, “फार गार आहे का हो?”

“पाय बुडवून बघ.”

तिने पाय बुडवला, किंचाळली, आणि तरीही उतरली. कमरेएवढ्या पाण्यात एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने काकूंचा दंड असा काही घट्ट धरला, की काकूंना जागचं हलता येईना. टिल्ली पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परतसुद्धा आली.

“सोड आता,” काकू म्हणाल्या.

“सोडते,” धाकटी म्हणाली, आणि आणखी घट्ट धरलं.